मुंज कार्डात का मावेना?

आईच्या परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते. एडिसनमधल्या आमच्या घरात बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या आणि आई जेवणाच्या टेबलापाशी टॅब्लेट घेऊन बसली होती. जूनमध्ये तिच्या नातवाची मुंज इथेच, न्यू जर्सीत झाली. मुंजीचा पावणेदोन तासांचा व्हिडिओ टॅब्लेटमध्ये होता. तो मेमरी कार्डावर घालायचा, साताऱ्याला न्यायचा, मावशीच्या टीव्हीला लावायचा आणि सगळ्यांना एकत्र बसवून दाखवायचा, असा तिचा बेत. टॅब्लेट म्हणत होता, कार्डावर जागा अपुरी आहे.

"अरे, चोवीस जीबी रिकामे आहेत असं हाच सांगतोय, आणि पाच जीबीची मुंज मावत नाही असंही हाच सांगतोय. डबा अर्ध्याहून जास्त रिकामा आणि लाडू आत जाईना, हे कसं?"

मी टॅब्लेट बंद करून चालू केला. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. फोटो जात होते. आरत्या जात होत्या. हळदीचा तीन जीबीचा व्हिडिओ जरा वेळ घेऊन का होईना, गेला. मुंज तेवढी अडत होती. आईचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता माझी ती रात्र आणि पुढच्या दोन संध्याकाळी गेल्या. अडचण फार लहान निघाली. पण तिच्यामागे जे उलगडत गेलं, त्याने मी अजून भारलेला आहे.

आधी ते कार्ड तळहातावर घेऊ. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, एक मिलिमीटर जाड. अंगठ्याच्या नखाएवढं. आईच्या कार्डावर ३२ जीबी असं छापलेलं आहे. टॅब्लेट ते २९.८ दाखवतो, कारण छापणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि टॅब्लेट १०२४ च्या पटीत. यात कुणी काही चोरलेलं नाही. ३२ जीबी म्हणजे २५,६०० कोटी बिट, म्हणजे 'हो' किंवा 'नाही' अशी २५,६०० कोटी उत्तरं. आजकालच्या पुष्कळ कार्डांत एका कप्प्यात तीन बिट राहतात. तसं धरलं तरी साडेआठ हजार कोटी कप्पे होतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दहा-दहा कप्पे वाटले तरी काही उरतील. आणि हे सगळं त्या नखाएवढ्या जागेत, कुठेही काही न फिरता, काही न घासता.

प्रत्येक कप्प्यात काय असतं? थोडे इलेक्ट्रॉन. फार नाहीत, लहान कप्प्यांत तर काही शेच. ते किती आहेत यावरून कप्प्यात काय लिहिलंय ते ठरतं. हंड्याच्या आतल्या अंगाला आठ खुणा कराव्यात आणि पाणी कोणत्या खुणेपर्यंत आहे ते पाहून एक आकडा वाचावा, तसं. मग वीज बंद झाल्यावर, कार्ड पर्समध्ये टाकल्यावर, विमानातून बारा-तेरा हजार किलोमीटर नेल्यावरही हे इलेक्ट्रॉन जागचे हलत कसे नाहीत?

याचं उत्तर आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर सापडलं होतं. मरे हिल या गावात बेल लॅब्जची प्रयोगशाळा आहे. ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ साली तिथलाच. त्याच संस्थेत दावॉन कांग आणि सायमन स्झे काम करत. कांग कोरियातले, सोलचे. स्झे यांचा जन्म चीनमधल्या नानजिंगचा, वाढले तैवानमध्ये. १९६७ साली या दोघांनी एक रचना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये धातूचा एक पातळ थर असा ठेवायचा की त्याला कुठूनही तार जोडलेली नाही. वर निरोधक, खाली निरोधक, आणि हा मध्ये अधांतरी. म्हणून त्याचं नाव 'फ्लोटिंग गेट', तरंगतं दार. जेवणाच्या सुट्टीत थराथरांचा केक खाताना हे सुचलं, असं स्झे पुढे सांगत. केकच्या दोन पदरांत क्रीम कोंडलेलं असतं, तसे दोन पदरांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडायचे.

आता खरी गंमत पाहा. ज्या खोलीला दार नाही, खिडकी नाही, तारही नाही, तिच्यात इलेक्ट्रॉन शिरणार कसे? ज्ञानेश्वरांनी भिंत चालवल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे भिंत जागेवरच राहते आणि इलेक्ट्रॉन तिच्यातून पलीकडे निघतात. ती भिंत सात-आठ नॅनोमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते. पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉनला ती भिंत न फोडता, तिच्यावरून उडी न मारता पलीकडे उगवता येतं. क्वांटम भौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. जोरदार विद्युतक्षेत्रात ते कसं घडतं याचं गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ सालीच मांडलं होतं. तेव्हा मेमरी कार्ड कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दाब काढून घेतला की भिंत पुन्हा भिंत होते आणि आत गेलेले आतच राहतात. यासाठी वीसेक व्होल्ट लागतात. टॅब्लेट कार्डाला देतो जेमतेम तीन-साडेतीन. उरलेला दाब कार्ड स्वतःच्या पोटातच, टप्प्याटप्प्याने चढवून तयार करतं. हल्लीच्या बऱ्याच चिपांत धातूसारख्या थराऐवजी नायट्राइडचा थर वापरतात आणि कप्पे मजल्यावर मजले चढवून रचतात. पण इलेक्ट्रॉन कोंडायचे ही कल्पना तीच.

१९६७ चा तो दिवस आणि आजचा दिवस यांच्यामध्ये बरेच लोक आहेत. इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली अशी चिप बनवली, जिच्यावरचं लिखाण पुसायला तिला क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश दाखवावा लागे. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी एकदम मोठा भाग विजेनेच पुसणारी मेमरी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं क्षणात सगळं पुसलं जातं, म्हणून तिला 'फ्लॅश' हे नाव मासुओकांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात एली हरारी, जॅक युआन आणि संजय मेहरोत्रा या तिघांनी सनडिस्क नावाची कंपनी काढली. तीच पुढे सॅनडिस्क झाली. मेहरोत्रा कानपूरचे. पिलानीहून अमेरिकेत शिकायला यायचं तर त्यांचा व्हिसा तीनदा नाकारला गेला होता, आणि वडिलांनी अधिकाऱ्यापुढे बाजू मांडली तेव्हा कुठे तो मिळाला. अमेरिकेतल्या कोणत्याही मराठी घरात ही गोष्ट सांगा, ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतंच. या कंपनीने १९९१ साली आयबीएमला फ्लॅशची जी डिस्क दिली, ती होती २० एमबीची आणि तिची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. मुंजीच्या व्हिडिओतली काही सेकंदंच तिच्यात मावली असती. १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड ठरवलं, आणि त्याचंच धाकटं भावंड आज आईच्या टॅब्लेटच्या कडेला बसलंय.

म्हणजे कार्डात जागा आहे, आणि ती थक्क करणारी आहे. मग मुंज अडली कुठे?

आपल्याकडे जमीन विकली गेली तर शेत उचलून कुणी नेत नाही. शेत जागच्या जागी राहतं, तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव बदलतं. फाइलींचंही तसंच आहे. टॅब्लेटच्या आत एका फोल्डरमधून दुसऱ्यात पाच जीबीचा व्हिडिओ हलवा, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम होतं, कारण फक्त नोंद बदलते. टॅब्लेटमधून कार्डावर हलवायचं म्हटलं की गाव बदललं, दप्तर बदललं. मग पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत सगळं नव्या जागी लिहून काढावं लागतं आणि मग जुनी नोंद खोडावी लागते. आपण ज्याला 'हलवणं' म्हणतो ते खरं तर नक्कल करणं आणि मग मूळ पुसणं आहे. दोन्हींच्या मध्ये कार्ड निघालं किंवा बॅटरी संपली, तर काय उरेल याचा नेम नाही.

आईच्या कार्डावरच्या दप्तराचं नाव फॅट-३२. फॅट म्हणजे फाइल अॅलोकेशन टेबल, कोणत्या फाइलला कोणते तुकडे दिले त्याचा तक्ता. याची पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७ साली लिहिली. सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपली ऑपरेटिंग सिस्टिम बांधताना तीच कल्पना घेतली, आणि ती सिस्टिम पुढे डॉस म्हणून घरोघर पोचली. या दप्तरात प्रत्येक फाइलला एक ओळ, आणि ओळीची लांबी ३२ बाइट. सुरुवातीला नाव: आठ अक्षरं आणि मागे तीन. मग गुणविशेष, वेळ, तारीख, फाइलचा पहिला तुकडा कुठे आहे त्याचा क्रमांक. आणि अगदी शेवटी चार बाइटचा रकाना: फाइल केवढी आहे.

मुंज अडली ती या चार बाइटच्या रकान्यात.

चार बाइट म्हणजे ३२ बिट. त्यांत लिहिता येणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे पंच्याण्णव. एवढ्या बाइटची फाइल चालते, त्यापुढे एक बाइट झाला तरी आकडा लिहायला घर उरत नाही. मुंज पाच जीबीच्या वर. शेत पडीक होतं, चोवीस जीबी मोकळं होतं, पण क्षेत्रफळाच्या रकान्यात तेवढा आकडा मावत नव्हता, म्हणून नोंदच होईना. टॅब्लेटने त्या अडचणीला 'जागा अपुरी' म्हटलं. अपुरी होती ती रकान्यातली जागा. हळदीचा व्हिडिओ का गेला तेही आता उमगलं: तीन जीबीचा आकडा रकान्यात बसत होता.

हे कळल्यावर माझं पहिलं म्हणणं होतं की रकाना करणाऱ्याने फार कंजूषपणा केला. मग मी हिशेब केला. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या फ्लॉपीवर १६० केबी मावत. चार बाइटच्या रकान्यात बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या फाइलसाठी तशा २६ हजारांहून जास्त फ्लॉपी लागल्या असत्या. एका फाइलसाठी! ज्याच्या हातात १६० केबी आहेत, तो माणूस २६ हजार पट पुढचा विचार करून रकाना आखतो. त्याला कंजूष म्हणायची माझी छाती नाही. १९९६ मध्ये फॅट-३२ आलं तेव्हा तक्ता रुंद झाला, डिस्क कितीतरी मोठ्या चालू लागल्या, पण ओळीतला तो शेवटचा रकाना होता तेवढाच राहिला. तो बदलला असता तर जुन्या सगळ्या यंत्रांना ती ओळ वाचता आली नसती.

आणि वाचता येणं हेच तर फॅटचं मोठेपण. कॅमेरा, गाडीतला स्टिरिओ, टीव्ही, लॅपटॉप, रेकॉर्डर, कुठेही कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लावा, फॅट-३२ समजतं. भारताच्या कुठल्याही स्टेशनावर मोडकीतोडकी हिंदी चालून जाते, तसं. एसडी कार्डाच्या नियमांतच लिहिलंय की दोन जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२ मध्ये यायची, आणि त्याहून मोठी एक्स-फॅटमध्ये. एक्स-फॅट २००६ साली आलं. त्यात आकाराचा रकाना आठ बाइटचा आहे. तो भरायला माणसाला बराच काळ लागेल. पण कित्येक वर्षं ते वापरायला परवाना लागत असे, म्हणून स्वस्तातल्या पुष्कळ उपकरणांना ते शिकवलंच गेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची सगळी रचना खुली केली, तेव्हा लिनक्समध्ये त्याला राजरोस जागा मिळाली.

या दप्तरात आणखी एक रकाना नाहीच, आणि त्याची कथा टॅब्लेट वापरणाऱ्या अनेकांनी भोगली आहे. तो रकाना म्हणजे मालकाचं नाव. फॅटच्या ओळीत फाइल केवढी, कधीची हे आहे. कुणाची, हे नाही. फ्लॉपी एकाच माणसाच्या खिशात असे, तेव्हा त्याची गरजही नव्हती. टॅब्लेटमध्ये मात्र पन्नास अॅप राहतात, आणि त्यातल्या एकाला कार्डावर लिहायची मुभा दिली की ते बाकीच्यांच्या फाइलीही चाळू शकतं, खोडू शकतं. म्हणून २०१३ च्या ऑक्टोबरअखेर अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती आली, तेव्हा कुलूप लागलं: बाहेरून घेतलेल्या अॅपने कार्डावर फक्त आपल्या फोल्डरात लिहायचं, इतरत्र नाही. काल चालणारी फाइल मॅनेजर अॅप अपडेटनंतर कार्डावर एक फाइलही हलवेनात. पुढच्या वर्षी ५.० मध्ये वाट काढली गेली. अॅपने विचारायचं आणि माणसाने स्वतः फोल्डर दाखवून परवानगी द्यायची. आजही एखादं अॅप कार्डावर फाइल हलवताना नकार देत असेल, तर बहुतेक वेळा ही परवानगी द्यायची राहिलेली असते. टॅब्लेटमधल्या सेटिंगच्या गर्दीत हे सापडायला हवं, पण ज्येष्ठांना सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१५ च्या ६.० मध्ये आणखी एक मार्ग आला: कार्ड टॅब्लेटला दत्तक द्यायचं. मग कार्डावरचं दप्तर बदलतं, मालकाचे रकाने येतात, चार जीबीची अट जाते. पण सगळं लिखाण सांकेतिक होतं आणि त्याची किल्ली टॅब्लेटच्याच पोटात राहते. असं कार्ड मावशीच्या टीव्हीला लावलं तर टीव्हीला काही कळणार नाही. टॅब्लेट बिघडला तर कार्डावरचं कुणालाच वाचता येणार नाही. कार्ड घेऊन कुठे जायचं असेल तर ते दत्तक देऊ नये.

तिसऱ्या संध्याकाळी मी आईला हे सगळं सांगितलं. माझं ठरलं होतं: कार्डावरचे फोटो लॅपटॉपवर उतरवायचे, कार्ड एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करायचं, मुंज अखंड घालायची. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशीच्या जुन्या टीव्हीला तुझं ते नवं दप्तर वाचता येईल का रे?"

मला उत्तर देता येईना.

"मग मुंजीचे दोन भाग कर की. मंगलाष्टकांपर्यंत एक आणि भिक्षावळीपासून दुसरा. मध्ये चहा होईल."

पुष्कळ कॅमेरे नेमकं हेच करतात. लांबलचक चित्रण चाललं असताना चार जीबीच्या जवळ आले की ते गुपचूप पहिली फाइल मिटतात आणि दुसरी उघडतात. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून अभियंत्यांनी काढलेला तोडगा आईने टेबलावर बसल्या बसल्या सांगितला. लॅपटॉपवर व्हिडिओचे दोन तुकडे केले, एक पावणेतीन जीबीचा, दुसरा अडीचच्या आत. दोन्ही कार्डावर गेले. लिहिलं जात असताना मी मुद्दाम कार्डाला बोट लावून पाहिलं. ते कोमट झालं होतं. आतमध्ये अब्जावधी कप्प्यांत मंगलाष्टकांच्या अक्षता पडत होत्या, इलेक्ट्रॉन होऊन, भिंतीतून पलीकडे.

एक गोष्ट मात्र आईला पुन्हा पुन्हा बजावली, आणि तीच इथे सांगतो. फ्लॅशची पाटी विचित्र आहे. तिच्यावर मोकळ्या जागी लिहिता येतं, पण एकच शब्द पुसता येत नाही. पुसायचा तर पाटीचा मोठा पट्टा एकदम धुवावा लागतो. म्हणून कार्डाच्या आत एक चिमुकला संगणक असतो. तो ठेवायच्या ओळी उचलून दुसरीकडे नेतो, मग पट्टा धुतो, आणि कोणता पट्टा किती वेळा धुतला याचा हिशेब ठेवतो, कारण प्रत्येक धुण्याने ती नॅनोमीटरची भिंत थोडी झिजते. टॅब्लेटने 'झालं' म्हटल्यावरही हे काम आत चालू असू शकतं. म्हणून कार्ड उपटून काढू नये. सेटिंगमध्ये 'काढा' किंवा 'इजेक्ट' दाबून, निरोप घेऊन काढावं. आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात. वर्षं जातात तसे ते एकेक करून झिरपतात, उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात जरा लवकर. ट्रंकेत दहा वर्षं ठेवलेलं कार्ड हा वारसा ठेवायचा मार्ग नाही.

तेव्हा तुमच्याही टॅब्लेटमध्ये एखादी मुंज, एखादं बारसं, आजोबांचा आवाज असेल आणि तो कार्डावर न्यायचा असेल, तर 'हलवा' दाबू नका, 'कॉपी' दाबा. नक्कल झाल्यावर दोन्ही फाइलींचे आकडे शेवटच्या बाइटपर्यंत ताडून पाहा, नवी फाइल मधूनच उघडून चालवून बघा, आणि मूळ खोडण्याआधी आणखी एक प्रत दुसऱ्या कुठेतरी, लॅपटॉपवर किंवा मुलाकडे, ठेवून द्या. आमची मूळ मुंज अजून एडिसनच्या लॅपटॉपवर आहे. साताऱ्याच्या टीव्हीवर दोन्ही भाग लागले.